मराठी मजकुराची फाइल पायथनमध्ये उघडताना

‘फाइल समोर दिसतेय, तरी प्रोग्रॅम म्हणतो सापडत नाही.’ ‘काल भरलेली नावं आज सगळी पुसली गेली.’ ‘इंग्रजी नावं नीट वाचतो, मराठी आलं की अडतो.’ इंदूरच्या मल्हारगंज आणि आसपासच्या वस्तीतली बारावीची मुलं, त्यांचे पालक आणि निवृत्तीनंतर हौसेनं पायथन शिकायला बसलेली मंडळी मला फिरून फिरून हेच तीन प्रश्न विचारतात. केंद्रीय मंडळाच्या बारावीच्या संगणकशास्त्रात मजकुराच्या फाइली हा अभ्यासाचा भाग आहे. पण पुस्तकातले नमुने इंग्रजी मजकुराचे असतात आणि आपल्या घरातल्या याद्या मराठी-हिंदीत असतात. त्यामुळे शाळेत चाललेला प्रोग्रॅम घरी येऊन मोडतो आणि मुलाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. त्याचं बहुधा काहीच चुकलेलं नसतं.

उदाहरण म्हणून गणेशोत्सवाच्या वर्गणीची यादी घेऊ. टोरी कॉर्नर ते बडा गणपती या पट्ट्यातल्या घरांची नावं, गल्ली आणि रक्कम; एका ओळीत एक घर. फाइलीचं नाव ‘वर्गणी’, शेपूट ‘टीएक्सटी’.

एक खुलासा आधीच करते. या लेखात आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टंकताना ती रोमन लिपीत आणि लहान अक्षरांतच टंका.

उघडताना तीन गोष्टी सांगा

‘ओपन’ या आज्ञेला दर वेळी तीन गोष्टी सांगायची सवय लावून घ्या:

- कोणती फाइल (नाव किंवा पूर्ण पत्ता)
- कशासाठी (वाचायला, लिहायला की पुढे जोडायला)
- कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरांचे आकडे करण्याच्या कोणत्या पद्धतीत (मराठीसाठी ‘यूटीएफ-८’)

तिसरी गोष्ट पुस्तकांत सहसा गाळलेली असते, आणि आपल्याकडचे निम्म्याहून जास्त घोळ तिथूनच सुरू होतात. शिवाय उघडण्याची ओळ ‘विथ’ या शब्दानं सुरू करा. म्हणजे काम संपलं की फाइल आपोआप बंद होते. ‘क्लोज’ विसरलात, तर लिहिलेला मजकूर काही काळ संगणकाच्या स्मृतीतच अडकून राहू शकतो आणि फाइल उघडून पाहिली तर ती रिकामी दिसते.

‘फाइल सापडत नाही’

प्रोग्रॅम ज्या फोल्डरात उभा राहून चालतो, तिथेच तो फाइल शोधतो. तुमचा प्रोग्रॅम जिथे साठवला आहे ते फोल्डर आणि हे फोल्डर एकच असेल, असं नाही. व्हीएस कोडमध्ये वरचं मोठं फोल्डर उघडून आतली फाइल चालवलीत, तर हमखास फरक पडतो. या क्रमानं तपासा:

1. ‘ओएस’ हे मोड्यूल घेऊन ‘गेटसीडब्ल्यूडी’ काय सांगतं ते छापा. प्रोग्रॅम कुठे उभा आहे ते कळेल.
2. त्याच मोड्यूलमधल्या ‘लिस्टडिर’नं तिथल्या फाइलींची नावं छापा. तुमच्या फाइलीचं नाव त्यात आहे का, ते डोळ्यांनी पाहा.
3. नाव दिसतंय पण त्याला ‘टीएक्सटी’ हे शेपूट दोनदा लागलं आहे का? विंडोज शेपूट लपवून ठेवतं. नोटपॅडमध्ये साठवताना आपण ते पुन्हा टंकतो आणि जोडशेपूट तयार होतं. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन शेपटं दिसतील अशी सोय करून घ्या.
4. पूर्ण पत्ता देत असाल तर उलट्या तिरक्या रेघेपासून सांभाळा. पायथनमध्ये ती रेघ आणि तिच्यापुढचं अक्षर मिळून वेगळाच अर्थ होतो: पुढे ‘एन’ आलं तर नवी ओळ, ‘टी’ आलं तर टॅब. विंडोजच्या ‘यूजर्स’ फोल्डरचा पत्ता तर या रेघेमुळे थेट एररच देतो. सरळ तिरकी रेघ वापरा. विंडोजवरही ती चालते.

कशासाठी उघडताय

- आर: फक्त वाचायला. फाइल नसेल तर एरर.
- डब्ल्यू: नव्यानं लिहायला. फाइल आधीच असेल तर आतलं सगळं पुसलं जातं.
- ए: शेवटी जोडायला. जुनं तसंच राहतं.
- एक्स: नवी फाइल करायला. त्या नावाची फाइल असेल तर एरर देऊन थांबतं.

‘काल भरलेली नावं पुसली गेली’ याचं उत्तर ‘डब्ल्यू’त आहे. लोकांना वाटतं, लिहायची आज्ञा दिली की मग जुनं जातं. तसं नाही. ‘डब्ल्यू’नं फाइल उघडल्या क्षणी ती रिकामी होते. पुढच्या ओळीत एन्कोडिंगची एरर येऊन प्रोग्रॅम थांबला, तरी जुनी यादी गेलेली असते आणि नवी आलेली नसते. दोनशे घरांची यादी अशी एका एररपायी गेलेली मी पाहिली आहे आणि ती पुन्हा दारोदार फिरून करावी लागली.

म्हणून खऱ्या यादीसाठी एवढं करा. नवी यादी आधी वेगळ्या नावानं लिहा, उघडून पाहा आणि मगच ‘ओएस’मधल्या ‘रिप्लेस’नं ती जुन्या नावावर न्या. नवी वर्गणी नुसती नोंदवत जायची असेल तर ‘ए’ पुरतं. शिकण्याच्या काळात ‘डब्ल्यू’ऐवजी ‘एक्स’ वापरलंत तर फार मनस्ताप वाचेल.

मराठी आलं की का अडतं

इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं. नाहीतर आज चाललेलं उद्या का मोडलं, ते कळत नाही.

संगणक अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण यांनाही प्रत्येकी तीन. तुमच्या विंडोज संगणकावर पायथनला एन्कोडिंग सांगितलं नाही, तर तो विंडोजचं जुनं ठरलेलं कोष्टक वापरतो. ते बहुधा १२५२ क्रमांकाचं, पश्चिम युरोपीय भाषांसाठी केलेलं असतं. त्यात देवनागरी नाही. ते प्रत्येक बाइटला एक स्वतंत्र अक्षर समजतं, म्हणून ‘म’च्या जागी तीन परकी चिन्हं दिसतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला ‘ए’, मागून आणखी दोन.

पण गंमत पुढे आहे. ‘कमल’ हे नाव असेल तर प्रोग्रॅम काही तक्रार न करता कचरा छापतो. ‘मल्हार’ असेल तर एरर देऊन थांबतो. दोन्ही मराठीच, मग फरक कशानं? पाय मोडण्याच्या खुणेचा तिसरा बाइट असा आहे की, १२५२च्या कोष्टकात ते घर रिकामं आहे. ऱ्हस्व उकार, चंद्रबिंदू, ‘झ’, ‘ए’ आणि ‘ऐ’ यांचंही तसंच. म्हणजे जोडाक्षर किंवा ऱ्हस्व उकार आला की प्रोग्रॅम अडतो. एररच्या ओळीत ‘चारमॅप’ आणि ‘कान्ट डीकोड’ हे शब्द दिसले, तर समजा की तुमचं गणित बरोबर आहे, फक्त एन्कोडिंग सांगायचं राहिलंय. ‘एन्कोडिंग’समोर ‘यूटीएफ-८’ लिहा, एरर जाईल.

हाच प्रोग्रॅम मोबाइलवर, मॅकवर किंवा लिनक्सवर न सांगताही चालतो, कारण तिथे यूटीएफ-८च धरलेलं असतं. मैत्रिणीच्या संगणकावर चालतं आणि माझ्याच नाही, याचं कारण एवढंच. पायथनच्या ३.१५ आवृत्तीपासून सगळीकडे यूटीएफ-८च धरायचं, असं पायथनकारांनी ठरवलं आहे. पण शाळेच्या प्रयोगशाळेत कोणती आवृत्ती असेल ते आपल्या हाती नसतं, तेव्हा स्वतःच सांगावं.

दोन चुकीचे उपाय हमखास सुचवले जातात:

- ‘एरर्स’समोर ‘इग्नोर’ लिहा. लिहू नका. एरर गप्प होते, पण न समजलेले बाइट गाळले जातात. यादीत आडनावं मोडतात आणि कुणाला पत्ता लागत नाही.
- नावं इंग्रजीतच लिहा. हे तर मुळीच करू नका. ‘काळे’ आणि ‘काले’ ही दोन आडनावं रोमनमध्ये एक होतात.

विंडोजच्या काळ्या खिडकीत मराठीऐवजी चौकोन किंवा सुटे काना-मात्रा दिसले, तर घाबरू नका. त्या खिडकीला देवनागरी नीट मांडता येत नाही. फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. तिथे मजकूर बरोबर असेल तर तो बरोबरच आहे.

पहिलंच नाव जुळत नाही

यादीतली सगळी नावं सापडतात, फक्त पहिलं सापडत नाही, हीही नेहमीची तक्रार. काही प्रोग्रॅम यूटीएफ-८ फाइलीच्या सुरुवातीला न दिसणारी एक खूण लावतात. तिला बॉम म्हणतात आणि ती पहिल्या नावाला चिकटते. वाचताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ सांगा. खूण असेल तर ती काढली जाते, नसेल तरी काही बिघडत नाही.

तीच खूण एक्सेलसाठी मात्र उपयोगी पडते. स्वल्पविरामांनी तोडलेली फाइल एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली आणि मराठीचा कचरा दिसला, तर ती ‘यूटीएफ-८-सिग’मध्ये लिहा. अशा फाइलीसाठी ‘सीएसव्ही’ मोड्यूलच वापरा. आपल्या पत्त्यांत ‘मल्हारगंज, इंदूर’ असे स्वल्पविराम असतात आणि हातानं तोडलं की पत्त्याचे दोन तुकडे होतात. विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर रिकामी ओळ येत असेल, तर उघडताना ‘न्यूलाइन’समोर रिकामी अवतरणं द्या.

जुन्या फॉन्टात टंकलेला मजकूर

इंदूरमध्ये हा प्रश्न फार. इथल्या टायपिंगच्या दुकानांत वर्षानुवर्षं कृतिदेव चाललं, मराठी पत्रिका आणि स्मरणिका श्रीलिपीत निघाल्या. अशी जुनी यादी नोटपॅडमध्ये उघडली की इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. लोक मग एकामागून एक एन्कोडिंग बदलून पाहतात. काही उपयोग होत नाही, कारण त्या फाइलीत खरोखरच इंग्रजी अक्षरं आहेत. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा मुखवटा चढवत होता.

करायचं ते असं: त्या विशिष्ट फॉन्टासाठीचा परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा, यूटीएफ-८मध्ये साठवा आणि मग प्रत्येक आडनाव डोळ्यांनी तपासा. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं इथे परिवर्तक चुकतात. मूळ फाइल मात्र जपून ठेवा.

दिसायला एक, आत दोन

तुमच्या यादीत गल्लीचं नाव हिंदी पद्धतीनं ‘बड़ा गणपति’ असं लिहिलेलं असेल आणि शोधल्यावर निम्म्याच ओळी मिळत असतील, तर कारण हे. नुक्त्याचा ‘ड़’ दोन प्रकारे साठवता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा ‘ड’ आणि खालचा नुक्ता अशी दोन चिन्हं. एकानं फोनवर टंकलं, दुसऱ्यानं संगणकावर. डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. वाचलेली प्रत्येक ओळ आणि शोधायचा शब्द, दोन्ही ‘युनिकोडडेटा’ मोड्यूलमधल्या ‘नॉर्मलाइझ’मधून ‘एनएफसी’ (हे मात्र मोठ्या अक्षरांत) सांगून काढा. दोन्ही एकरूप होतील.

पण मराठीच्या दोन अडचणी त्यानं सुटत नाहीत. ‘वाऱ्या’तला अर्धा ‘र’ जुन्या मजकुरात वेगळ्या चिन्हांनी बनवलेला असतो: साधा ‘र’, पाय मोडण्याची खूण आणि एक अदृश्य सांधा. नव्या कळपाटांत तो ‘ऱ’पासून बनतो. तसंच ‘ॲ’ हे अक्षर एकसंधही असतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. हे तुम्हालाच मजकुराच्या ‘रिप्लेस’नं (‘ओएस’मधल्या नव्हे) एकसारखं करून घ्यावं लागेल. यादी भरायला सुरुवात करतानाच कुणी एकानं, एकाच कळपाटावर टंकायचं ठरवलंत तर सगळ्यात उत्तम.

मोजणी, क्रम आणि आकडे

‘मल्हारगंज’ या शब्दाची लांबी ‘लेन’ला विचारा. उत्तर येईल ९. आपण बोलताना पाच अक्षरं म्हणतो: म, ल्हा, र, गं, ज. फाइलीत तो २७ बाइट घेतो. तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त तिघे वेगवेगळी गोष्ट मोजताहेत. बारावीच्या सरावात ‘अक्षरं मोजा’ असा प्रश्न हमखास असतो. मराठी मजकुरावर तो सोडवत असाल, तर आपण काय मोजतोय ते वहीत लिहा.

त्याच सरावात ‘इजअल्फा’ ही चाचणी फार वापरतात. ‘कमल’ला ती हो म्हणते, ‘मल्हारगंज’ला नाही. तिच्या मते काना, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण ही अक्षरंच नव्हेत. ‘आरई’ मोड्यूलनं शब्द वेगळे करायला जाल, तर त्याच कारणानं ‘मल्हारगंज’चे ‘मल’, ‘ह’, ‘रग’, ‘ज’ असे तुकडे पडतील. शब्द मोजायचे असतील तर साधं ‘स्प्लिट’ वापरा. ते मोकळ्या जागेवर तोडतं आणि मराठीला धक्का लावत नाही. मजकूर हिंदी असेल तर शेवटचा दंड तेवढा काढून टाका.

नावांचा क्रम लावताना ‘सॉर्ट’ वर्णमाला पाहत नाही, युनिकोडमधले क्रमांक पाहतं. त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. ‘क्ष’ ‘क’मध्ये जातो. एकसंध ‘ॲ’ तर ‘ह’च्याही पुढे आहे, त्यामुळे ज्या नावाआधी ‘ॲड.’ लिहिलंय ती वकील मंडळी यादीच्या तळाशी जातात. छोट्या यादीत हे हातानं दुरुस्त करा.

आकड्यांची बातमी मात्र चांगली आहे. ‘इंट’ला देवनागरी आकडे कळतात. ‘२५१’ दिलंत तर तो बेरजेला तयार असा पूर्णांक देतो. ‘१,००१’मधला स्वल्पविराम किंवा ‘२५१ रु.’मधले रुपये मात्र त्याला चालत नाहीत, ते आधी काढा. फोन नंबर पूर्णांकात बदलू नका. सुरुवातीचं शून्य निघून जातं.

वाचताना

एकदा ‘रीड’नं पूर्ण फाइल वाचली आणि लगेच पुन्हा वाचली तर काहीच मिळत नाही, कारण वाचण्याची जागा शेवटाला जाऊन थांबलेली असते. ‘सीक’ला शून्य सांगा, ती सुरुवातीला येते. ओळीओळीनं वाचायचं असेल तर ‘फॉर’चं चक्र थेट फाइलीवर चालवा आणि प्रत्येक ओळीला ‘स्ट्रिप’ लावा. नाहीतर नावाच्या शेवटी नव्या ओळीची खूण चिकटून राहते आणि ‘जोशी’ बरोबर ‘जोशी’ जुळत नाही.

सरावाचा मजकूर आणि यादीतल्या माणसांचे हक्क

सरावासाठी मराठी मजकूर हवा असेल, तर ज्याचा स्वामित्वहक्क संपला आहे असा घ्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं हक्क राहतो. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे १९४१ साली गेले. त्यांच्या कविता टंकून त्यांतले शब्द मोजा, कुणाची परवानगी लागत नाही. आजच्या कवीचं पूर्ण पुस्तक फाइलीत घालून वर्गात वाटू नका.

वर्गणीच्या यादीत नावं, फोन आणि पत्ते असतात. घरच्या वापराची तुमची फोनवही ही खासगी बाब आहे. गणेशोत्सव मंडळाची यादी तशी नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत. त्यात ज्याची माहिती आहे त्याला ती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसायला सांगण्याचा हक्क दिला आहे. कायद्याची वाट न पाहताही एवढं पाळा: फोन कशासाठी घेतोय ते दारातच सांगा, प्रकल्प म्हणून शाळेत फाइल द्यायची असेल तर खोटी नावं आणि खोटे नंबर घाला, आणि खरी यादी मोफत संकेतस्थळावरच्या परिवर्तकात चिकटवू नका, ती परक्याच्या संगणकावर जाते.

मदत मागताना

‘चालत नाही’ एवढंच कळवलंत तर कुणालाच काही सांगता येत नाही. या चार गोष्टी पाठवा:

- एररची शेवटची ओळ, जशीच्या तशी
- ‘ओपन’ची तुमची पूर्ण ओळ
- संगणक कोणता आणि पायथनची आवृत्ती कोणती
- फाइलीच्या पहिल्या तीन ओळी, खरी नावं बदलून

आणि कुणी सुचवलेला कोणताही बदल, मीही सुचवलेला, करून पाहण्याआधी फाइलीची एक प्रत दुसऱ्या फोल्डरात ठेवा.